‘निकाल लागल्यावर कोणीही शहाणं होतं’ या प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीगच्या, ड्राफ्टमध्ये (दरवर्षी टीमा सात राउंडमध्ये पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात, आदल्या वर्षी सगळ्यात वाईट खेळलेली टीम आधी) क्वार्टरबॅकसाठी, म्हणजे बॉल टाकून टीमचा खेळ चालवणाऱ्यासाठी, हपापल्यासारखं वरचा नंबर मिळवायला धावणं टीमला महागात पडतं. त्यावर एका वाचकाने नाव न देता कॉमेंट टाकलीय. ती जशीच्या तशी देतो: "निकाल लागल्यावर कोणीही शहाणं होतं. तुमच्या यादीत मॅनिंग नाही, बरो नाही, ॲलन नाही, महोम्स नाही. चांगले क्वार्टरबॅक पहिल्या राउंडलाच मिळतात. 2011 नंतर रूकींचे पगार किती उतरले तेही तुम्ही लिहिलेलं नाही. घरी सोफ्यावर बसून जनरल मॅनेजर होणं फार सोपं आहे."

टीकेला माझी ना नाही. पण सोफा कशाला काढायचा? मुद्दा पटला नसेल तर खोडा, माणूस कुठे बसून लिहितोय याच्याशी तुम्हाला काय करायचंय? आपल्याकडे वाद घालायचा म्हटलं की आधी समोरच्याची लायकी काढायची आणि मग वेळ उरला तर मुद्द्यावर यायचं, ही सवय मला कधीच आवडलेली नाही. मला राग आला, खोटं कशाला बोलू, आणि जरा थांबून लिहितोय तरी तो सगळा गेलेला नाही.

रूकींच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या, पगाराचं तुमचं म्हणणं मान्य, ते लेखात यायला हवं होतं. 2010 ला क्वार्टरबॅक सॅम ब्रॅडफर्ड पहिल्या नंबरला गेला तेव्हा त्याचा करार सहा वर्षांचा, 7 कोटी 80 लाख डॉलरचा होता, त्यातले 5 कोटी खात्रीचे. पुढच्याच वर्षी नियम बदलले आणि त्याच पहिल्या नंबरवर आलेल्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे मिळून 2 कोटी 20 लाख. म्हणजे पैशाचा धोका उतरला, बरोबर. पण मग झालं काय? क्वार्टरबॅक स्वस्त झाला म्हटल्यावर टीमा त्याच्यासाठी पिक, म्हणजे ड्राफ्टमधल्या निवडीच्या पाळ्या, उधळायला लागल्या. 2012 ला वॉशिंग्टनने सहाव्या नंबरवरून दुसऱ्यावर यायला तीन वर्षांचे पहिल्या राउंडचे पिक आणि वर एक दुसऱ्या राउंडचा दिला, रॉबर्ट ग्रिफिनसाठी. पोरगा पहिल्या वर्षी भन्नाट खेळला, जानेवारीत सीहॉक्सविरुद्ध गुडघा गेला आणि नंतर तो पूर्वीसारखा कधी दिसलाच नाही. धोका होता तिथेच आहे, फक्त चेकबुकातून ड्राफ्टच्या यादीत आला. हे झालं तुमच्या पगाराचं.

आता मुख्य वाक्य. "निकाल लागल्यावर कोणीही शहाणं होतं."

हे मला कोणी दुसऱ्या गावातल्याने म्हटलं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण मी शार्लटला, पँथर्सच्या गावात, राहतो. न्यूटन पँथर्सकडे यायच्या आधीपासून राहतो. 10 मार्च 2023 ला पँथर्सनी ड्राफ्टच्या पहिल्या नंबरसाठी शिकागोशी सौदा केला त्या संध्याकाळी इथल्या आमच्या मराठी मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसता जल्लोष चालला होता, पहिला नंबर आपला, आता क्वार्टरबॅक आपला, आणि मी एकट्याने लिहिलं होतं की अरे डीजे मूर गेला, आता जो कोणी पोरगा येईल तो बॉल टाकणार कोणाला? त्यावर मला काय काय ऐकावं लागलं ते ग्रुपवर आजही आहे, साक्षीला हवे तेवढे लोक आहेत. तेव्हा निकाल लागला होता का? ड्राफ्ट व्हायला दीड महिना होता, ब्राइस यंग घेणार की सीजे स्ट्राउड हेसुद्धा ठरलेलं नव्हतं.

काय दिलं होतं ते पुन्हा सांगतो, कारण तुम्ही लेख नीट वाचलाय असं मला वाटत नाही. नववा पिक, एकसष्टावा पिक, 2024 चा पहिल्या राउंडचा, 2025 चा दुसऱ्या राउंडचा, आणि वर मूर. म्हणजे टीममधला सगळ्यात चांगला रिसीव्हर, म्हणजे बॉल पकडणारा, देऊन त्याला बॉल टाकणारा आणला. बैल विकून नांगर घेतला. मूरने त्याच वर्षी शिकागोकडून 1,364 यार्ड काढले, आणि आमच्याकडे आलेल्या यंगला भरवशाचा माणूस कोण, तर तेहतीस वर्षांचा ॲडम थीलन. त्या बिचाऱ्याने 103 कॅच घेतले, पण त्याच्या वयाच्या माणसाने संपूर्ण ऑफेन्स खांद्यावर घ्यायचा का?

सोफ्याचं म्हणालात ना, 5 नोव्हेंबर 2023 ला मी स्टेडियमच्या वरच्या मजल्यावर होतो, कोल्ट्सविरुद्ध. त्यांच्या केनी मूरने (हा मूर वेगळा) यंगचे दोन पास पकडून दोन्ही थेट टचडाउनला नेले. पहिल्या वेळी आजूबाजूचे लोक शिव्या घालत होते, दुसऱ्या वेळी माझ्या रांगेत कोणी काही बोललंही नाही, शेजारचे एक आजोबा उठले, टोपी खिशात घातली आणि जिना उतरून गेले. मॅच संपायला अजून बराच वेळ होता. हे टीव्हीवर दिसत नाही. वरून बघताना कळतं की बॉल स्नॅप होऊन खेळ सुरू झाला रे झाला की क्वार्टरबॅकला वाचवणारी लाइन कशी आत ढकलली जाते, आणि पाच फूट दहा इंचाचा तो पोरगा टाचा उंचावून मोकळा माणूस शोधतोय. त्या सीझनला त्याला 62 वेळा पाडलं. बासष्ट! टीम 2 जिंकली, 15 हरली, कोच फ्रँक राइकला अकरा मॅचनंतरच काढलं, आणि त्या हरण्यामुळे जो 2024 चा पिक पहिल्या नंबरचा झाला तो आमच्याकडे नव्हताच, तो शिकागोला गेला आणि त्यांनी केलेब विल्यम्स घेतला. म्हणजे आमच्या पराभवावर त्यांचा क्वार्टरबॅक आला. पुढच्या वर्षी तर दोन मॅचनंतर यंगला बेंचवर बसवला. नंतर तो सावरला, मी नाकारत नाही, मला तो पोरगा मनापासून आवडतो, आणि म्हणूनच तर जीव तुटतो. स्ट्राउड घ्यायला हवा होता असं मी मागच्या लेखात एकदाही म्हटलेलं नाही, ते म्हटलं असतं तर निकालानंतरचं शहाणपण झालं असतं. माझा मुद्दा पोरगा कोणता हा नाहीच. त्याला आणायला जे विकलं, त्याच्यावाचून तो उभा राहू शकत नव्हता, हा आहे.

आणि हे मला याच गावाने शिकवलंय. 2011 ला न्यूटनही पहिल्याच नंबरचा. पण तो पिक आमचा स्वतःचा होता, आदल्या वर्षी 2-14 हरून मिळालेला, त्यासाठी कोणाला काही द्यावं लागलं नाही. तो आला तेव्हा लाइनमध्ये डावीकडे जॉर्डन ग्रॉस, मध्ये रायन कलील, बाहेर रिसीव्हर स्टीव्ह स्मिथ, आणि त्याच उन्हाळ्यात एका तिसऱ्या राउंडच्या पिकवर बॉल पकडायला ग्रेग ओल्सन आणला. पहिल्याच मॅचला 422 यार्ड. चार वर्षांनी टीम 15-1. गाव तेच, स्टेडियम तेच, नंबर तोच. मग फरक कशाने पडला, ते जरा तुम्ही सांगा.

तुमच्या यादीकडे येतो. मॅनिंग: 1998 चा पहिला नंबर, कोल्ट्सचा स्वतःचा पिक, आणि मार्व्हिन हॅरिसन आधीच घरात होता, मार्शल फॉकही होता. तरी पहिल्या वर्षी 28 इंटरसेप्शन (समोरच्यांनी पकडलेले पास) आणि 3-13. त्याच 1998 ला तिसऱ्यावरून दुसऱ्यावर एक पायरी चढायला चार्जर्सनी पुढच्या वर्षीचा पहिल्या राउंडचा पिक, एक दुसऱ्या राउंडचा आणि दोन खेळाडू दिले आणि रायन लीफ घेतला. 2000 च्या सीझनला टीम 1-15, आणि त्यानंतर लीफला सोडून दिलं. मॅनिंगचं नाव घेणाऱ्याने लीफचंही घ्यायला हवं, ते तुम्ही घेतलं नाही. बरोसुद्धा बेंगल्सचा स्वतःचाच पिक, आणि धड लाइन नसताना खेळवला तर पहिल्याच सीझनला गुडघा फाटला. ही दोन्ही नावं माझ्या बाजूची आहेत, तुमच्या नाही.

ॲलन आणि महोम्ससाठी टीमा वर चढल्या होत्या, हो. त्यावर परत कधीतरी लिहीन, इथे जागा नाही. आणि "चांगले पहिल्या राउंडलाच मिळतात" याला काय उत्तर द्यायचं? ब्रेडी 199 वा होता, प्रेस्कॉट 135 वा, आणि सॅन फ्रान्सिस्कोने ट्रे लान्ससाठी तीन पहिल्या राउंडचे पिक घालवल्यावर त्यांना सुपर बोलला, म्हणजे फायनलला, नेलं ते 262 व्या, म्हणजे ड्राफ्टमधल्या अगदी शेवटच्या ब्रॉक पर्डीने. लान्स त्यांच्यासाठी चार मॅच सुरू करून डॅलसला गेला, एका चौथ्या राउंडच्या पिकवर. बस, यापुढे मला त्या वाक्यावर वेळ घालवायचा नाही.

तुमची कॉमेंट मी काढलेली नाही आणि काढणारही नाही. पुन्हा लिहायचं असेल तर जरूर लिहा, पण यावेळी नावानिशी लिहा आणि माझ्या घरातल्या सामानाबद्दल न लिहिता डीजे मूरबद्दल लिहा. 10 मार्चला तुम्ही पँथर्सचे जनरल मॅनेजर असता तर मूर दिला असता का, आणि दिला असता तर त्याच्या जागी कोणाला उभा केला असता, एवढंच सांगा. तिथून पुढे बोलू.