हप्ता बारा महिने, काम तीन महिने

वेल्डिंग मशीनवरच्या लेखात लेखक म्हणतात, प्रत्येक फॅब्रिकेशनवाल्यानं आर्क (रॉडचं वेल्डिंग) सोडून सीओटू वेल्डिंग (गॅसच्या आडोशात सलग तारेनं होणारं) घ्यावं, वर्षात मशीनचे पैसे वसूल. वाळूज एमआयडीसीतल्या बंद शेडमध्ये होतही असतील. आमच्या उदगीरकडं ट्रॉली, नांगर, पेरणी यंत्राची कामं गुढीपाडव्यापासून मृगापर्यंत. मग गिऱ्हाईक रानात. बँकेचा हप्ता काही रानात जात नाही.

वेग वाढतो हे खरंच. रॉड संपला की थांबा, बदला, हातोडीनं स्लॅग (जोडावरची खपली) झाडा, ही कटकट जाते. १५ किलोच्या रिळातून तार सलग येते. पण ट्रॉली बनवताना ठिणगी उडते किती वेळ? दिवस जातो तो अँगल-चॅनेल कापण्यात, गुण्या लावून काटकोन बघण्यात, जोडाआधी वेल्डिंगचे छोटे टाके मारण्यात. तिथं चांगलं कटिंग मशीन आधी घ्या, कितीतरी स्वस्तात पडेल.

शिवाय आपलं वेल्डिंग दुकानापुढं उघड्यावर. वारं सुटलं की जोडाला हवेपासून वाचवणारा गॅस उडतो अन् जोडात बारीक भोकं राहतात. वरून गुळगुळीत दिसतं, ग्राइंडर मारला की कळतं.

मशीनवरचा १८ टक्के जीएसटी वजा होतो, हेही लेखात अर्धवट लिहिलंय. कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांच्या सोप्या जीएसटी योजनेत) असाल तर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळत नाही, तो पैसा किमतीतच धरा.

तरी घ्यायचंच असेल तर विक्रेत्याला मे महिन्यात संध्याकाळी बोलवा, व्होल्टेज पडलेलं असताना. म्हणा, आमच्याच मीटरवर, आमच्याच जाड पत्र्यावर चालवून दाखव. त्याच्या शोरूममध्ये सगळीच मशीनं चालतात.