‘फुकटचा फिल्टर’ हौदातल्या माशांच्या जिवावर उठतो

परसात किंवा अंगणात माशांचा हौद असलेल्या घरांमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे. तो असा: बाजारातला फिल्टर म्हणजे निव्वळ लूट. एका पिंपात चुलीतला कोळसा, वाळू आणि विटांचे तुकडे भरा, पाण्यात तुरटी फिरवा, तांब्याचा एक तुकडा टाका. दर रविवारी सगळं नळाखाली लख्ख धुवा, रात्री पंप बंद ठेवून वीज वाचवा. पाणी आरशासारखं होईल आणि वर्षभर बदलावं लागणार नाही.

फिल्टरसाठी महागडा माल लागत नाही, एवढं मला पूर्ण मान्य आहे. माझ्या हौदाचा फिल्टर गेली काही वर्षं भंगारातल्या वस्तूंवरच चालतो. म्हणून तर हा संदेश मला सोडवत नाही. स्वस्तात काम होतं हे खरं सांगून त्याच्या आडून तो मासे मारायची पद्धत शिकवतो.

मुळात ‘आरशासारखं पाणी’ ही फिल्टरची परीक्षाच नव्हे. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया पाण्यात उतरतो, उरलेलं खाद्य कुजूनही तोच तयार होतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. काचेसारख्या नितळ पाण्यातही मासे अमोनियाने मरतात. त्यातही २८ अंशांच्या पाण्यात पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्क आहे ते सांगणारा आकडा) ७ असेल, तर अमोनियाचा एक टक्काही भाग विषारी रूपात नसतो. पीएच ९ झाला की हाच हिस्सा तिसऱ्या भागाहून जास्त होतो. हौद सिमेंटचा आणि नवा असेल किंवा शेवाळाने हिरवागार असेल, तर दुपारी पीएच ९ गाठणं अवघड नाही. फिल्टरचं खरं काम हा अमोनिया संपवणं. ते काम जिवाणू करतात. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचं बऱ्याच कमी त्रासाचं नायट्रेट. त्यांना बसायला पृष्ठभाग हवा, वाहतं पाणी हवं आणि प्राणवायू हवा. पिंपात काय भरायचं ते यावरून ठरतं.

आता रविवारच्या धुण्याकडे येतो, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. माझा हौद ६ फूट लांब, ५ फूट रुंद, पाणी २ फूट. म्हणजे सुमारे १७०० लिटर. त्यात १४ गोल्डफिश होते. फिल्टर घाण दिसला म्हणून मी पिंप रिकामं केलं, सगळा माल नळाखाली घासून चकचकीत केला आणि परत भरला. चौथ्या दिवशी सकाळी मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते. आठवडा संपेपर्यंत ११ गेले. मुलीने त्यातल्या प्रत्येकाला नाव दिलं होतं.

झालं असं होतं, की नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठीच क्लोरीन घातलेला असतो आणि उपयोगी जंतू कोणते हे त्याला कळत नाही. जे त्याच्यातून वाचले ते माझ्या घासण्याने गेले. ही वस्ती नव्याने बसायला ४ ते ६ आठवडे लागतात. मासे मात्र रोज अमोनिया सोडतच राहतात. म्हणून फिल्टर धुवायचा तो हौदातूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात, नुसता खळबळून, आणि एका वेळी अर्धाच. तपकिरी बुळबुळीत थर राहिला तर राहू द्या, जिवाणू त्यातच असतात.

कोळशाचा मुद्दा अर्धवट माहितीतून आला आहे. फिल्टरमध्ये वापरतात तो सक्रिय कार्बन. तो खास प्रक्रियेने सच्छिद्र केलेला असतो. पाण्यातला रंग, वास आणि क्लोरीन तो ओढून घेतो, पण अमोनिया धरत नाही. चुलीतला कोळसा तर सक्रियही नसतो. काही दिवसांत त्याचा भुगा होतो आणि पंपात अडकतो.

वाळूने पिंपाची जाळी लवकर चोंदते. मग पाणी एखाद्या फटीतून वाट काढतं आणि बाकीची वाळू प्राणवायूविना सडत राहते. विटांबाबत संदेश थोडा बरोबर आहे, पण कच्ची भाजलेली वीट पाण्यात विरघळून लाल चिखल करते. त्यापेक्षा जुन्या मंगलोरी कौलांचे तुकडे कितीतरी चांगले. कौल पक्कं भाजलेलं, खरखरीत आणि सच्छिद्र असतं, आणि छपराचा पत्रा झाला की गावागावात कौलांचे ढीग पडून असतात. फक्त रंग दिलेली कौलं घेऊ नका.

माझ्या मते सगळ्यांत उत्तम माल मात्र ठिबक सिंचनाची जुनी नळी. द्राक्षाच्या आणि उसाच्या पट्ट्यात ती भंगारवाल्याकडे वजनावर मिळते. १६ मिलिमीटरची २० मीटर नळी घेऊन तिचे २ सेंटिमीटरचे १००० तुकडे केले, की आतून-बाहेरून मिळून साधारण १.८ चौरस मीटर पृष्ठभाग होतो आणि तो जेमतेम ७ लिटर जागेत मावतो. तेवढ्याच जागेत २० मिलिमीटरची खडी भरली तर पृष्ठभाग सव्वा चौरस मीटरच्या आसपास मिळतो आणि वजन १० किलोच्या घरात जातं. एवढा पृष्ठभाग पुरतो का? ३० टक्के प्रथिनांचं खाद्य दिवसाला १० ग्रॅम घातलं तर सुमारे ०.३ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन (म्हणजे अमोनियातला नायट्रोजन) तयार होतो. हात राखून एका चौरस मीटरवर दिवसाला पाव ग्रॅम संपतो असं धरलं, तरी १.८ चौरस मीटर पुरून उरतो. मी नळी दुप्पट भरतो, कारण उन्हाळ्यात खाणं वाढतं.

नळी पाण्यावर तरंगते, म्हणून वर जाळी लावावी लागते. शेतातल्या नळीतून खतं आणि आम्ल गेलेलं असतं, तेव्हा तुकडे आठवडाभर भिजवा आणि पाणी रोज बदला. कीटकनाशकाचे डबे किंवा खताच्या गोण्या कितीही फुकट मिळाल्या तरी नकोत.

या तुकड्यांच्या आधी गाळ अडवायला कांद्याच्या जाळीदार पिशव्या चुरगळून भरा. त्या कुजत नाहीत आणि झटकन खळबळता येतात. नारळाचा काथ्या भरू नका, तो पाण्याला चहासारखा रंग देतो आणि सडतो. उशीतला खरा कापूसही नको.

तुरटी गढूळ पाण्यातला गाळ खाली बसवते, हे आपल्या आज्यांना माहीत होतं. पण त्या घागरीत मासे नव्हते. तुरटीने पाण्याचा पीएच आणि तो सांभाळणारा क्षार दोन्ही कमी होतात. आम्लधर्मी पाण्यात सुटलेलं ॲल्युमिनियम कल्ल्यांना इजा करतं. अमोनिया आहे तिथेच राहतो.

तांब्याचं तर नावच नको. तांब्याच्या लोट्यातलं पाणी माणसाला चालतं म्हणून माशाला चालेल असं नाही. पाणी मऊ असेल तर तांब्याचा अगदी थोडा अंशही माशांना आणि गोगलगायींना घातक ठरतो.

रात्री पंप बंद ठेवण्याचा सल्ला हिशेबातही टिकत नाही. २० वॅटचा पंप महिनाभर अखंड चालला तर १४.४ युनिट वीज खातो. रोज १० तास बंद ठेवून वाचतात ६ युनिट. त्या बदल्यात पिंपातल्या जिवाणूंचा प्राणवायू संपतो, साचलेलं पाणी सडतं आणि सकाळी पंप सुरू झाला की तेच कुजकं पाणी हौदात येतं. वनस्पती आणि शेवाळही रात्री प्राणवायू वापरतात, त्यामुळे पहाट ही माशांसाठी तशीही सर्वांत कठीण वेळ. आमच्याकडे वीज बराच वेळ गेली तर पंप पुन्हा लावण्याआधी मी पिंपातलं साचलेलं पाणी बाहेर सोडतो.

राहिलं ‘वर्षभर पाणी बदलू नका’. जिवाणू नायट्रेटपर्यंतच काम करतात आणि ते नायट्रेट साचत जातं. काहीजण त्यावर जलपर्णी सोडायला सांगतात. ती नायट्रोजन शोषते हे खरं, पण काढून टाकली तरच. हौदातच कुजली तर सगळं परत पाण्यात. काढलेली जलपर्णी नदी-ओढ्यात तर मुळीच टाकू नका, तिच्यामुळे पवना आणि इंद्रायणी नद्यांचं काय झालंय ते आपण बघतोच. त्यापेक्षा आठवड्याला दहावा हिस्सा पाणी काढा. माझ्या हौदाचं ते १७० लिटर होतं, म्हणजे दहाएक बादल्या, आणि ते सगळं अळूच्या वाफ्यात आणि केळीच्या बुंध्याशी जातं. भरायचं पाणी नळाचं असेल तर आदल्या रात्री उघड्या पिंपात काढून ठेवा, क्लोरीन बराचसा उडून जातो.