गळकं छत निकालापर्यंत दुरुस्त करून घेऊ नका

१५ जानेवारी २०२६ ला मुंबई महापालिकेचं मतदान आहे. तोवर कुणी खोलीचं छत दुरुस्त करून द्यायला आलंच, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. धडधाकट छत बघायला आजवर एकही उमेदवार चार जिने चढून आलेला नाही.

जानेवारीत पाऊस नसतो, त्यामुळे प्रत्यक्ष गळती दाखवता येत नाही, ही अडचण आहेच. पण ओल दाखवता येते. कपाटामागे जो हिरवट-काळा डाग दर पावसाळ्याला वीतभर वाढतो, तो दर्शनी यायला हवा. कपाट थोडं सरकवून घ्या. पोपडे झाडू नका. दिवाळीला उघड्या सळयांवर चुन्याचा हात मारला असेल तर खरवडून काढा, गंज दिसला पाहिजे. पावसाळ्यात बादली जिथे ठेवता तिथेच ती रिकामी ठेवून द्या आणि कुणी विचारलं तर ‘सवय झाली’ एवढंच म्हणा. या शहरात भाडेकरूच्या मालकीची स्थावर मालमत्ता एकच असते, ती म्हणजे त्याची तक्रार. ऐन हंगामात ती कवडीमोलाने घालवू नका.

आणि हा हंगाम काही दरवर्षी येत नाही. मागची निवडणूक फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली. त्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि तेव्हापासून महापालिकेत प्रशासक बसला. जवळजवळ चार वर्षं तुमच्या वॉर्डात तक्रार ऐकून मान हलवायला कुणी अधिकृत माणूसच नव्हता. माजी नगरसेवक होते म्हणा, फलकांवर ‘माजी’ हा शब्द मुंगीएवढ्या अक्षरात लिहून. पण माजी माणसापुढे रडण्यात ती मजा नाही.

आता तोच माणूस पुन्हा येईल. हात जोडून दारात उभा राहील.

“मावशी, ओळखलंत का?”

“ओळखलं ना बाबा. मागच्या खेपेला मिशी होती तुला.”

इथेच थांबा. गळ्यातलं उपरणं मागच्या खेपेला वेगळ्या रंगाचं होतं, हे बोलू नका. २०१७ नंतर या शहरात पक्ष इतके फुटले आणि जुळले आहेत की उमेदवारालाही भाषणाच्या सुरुवातीला स्वतःचं चिन्ह आठवून घ्यावं लागत असेल. त्याला दारात उभं करून इतिहास विचारणं बरं दिसत नाही.

दुसरी एक कटकट आवर्जून टाळा. ‘हे तुमच्या हातात आहे का?’ असं त्याला कधीही विचारू नका. कारण ते नसतंच. तुमचं संक्रमण शिबिर, म्हणजे इमारत पाडल्यावर तात्पुरतं राहायला देतात ती जागा, म्हाडाचं, आणि म्हाडा ही गृहनिर्माण संस्था राज्य सरकारची. गिरगाव-लालबागची उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी) इमारत असेल तर तिची दुरुस्ती म्हाडाच्याच इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे. झोपडपट्टीत राहत असाल तर एसआरए, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, त्याचे अध्यक्ष मुख्यमंत्री. बीडीडी चाळीत असाल तर जागा राज्याची आणि बांधणार म्हाडा. त्यातही शिवडीच्या चाळी केंद्राच्या मुंबई बंदर प्राधिकरणाच्या (जुन्या पोर्ट ट्रस्टच्या) जमिनीवर, म्हणजे गाडी थेट दिल्लीला जाते. रेल्वेच्या कडेची वस्तीही दिल्लीचीच. नगरसेवकाच्या हातात राहतं ते गटार, नळ, रस्ता, दिवाबत्ती आणि सार्वजनिक संडास.

म्हणूनच तो घरावर बोलेल. जे आपल्या हातात नाही त्याचा शब्द द्यायला कधीच जड जात नाही. उद्या शब्द मोडला तर तो दुसऱ्याच खात्यात मोडतो. संडासाच्या दाराला आतून कडी नाही, हा विषय मात्र चुकूनही काढू नका. तो त्याच्या हातातला आहे. महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार ४२७ कोटींचा. एवढ्या मोठ्या आकड्यात कडी कुठल्या लेखाशीर्षाखाली बसवायची, हे त्या बिचाऱ्याला सांगता येणार नाही आणि तो ओशाळेल. दारात आलेल्या पाहुण्याला ओशाळवाणं करणं आपल्यात बसत नाही.

अखत्यारीचा हा घोळ नेहमीच इतका गमतीचा राहत नाही. १६ जुलै २०१९ ला डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग कोसळला. ढिगारा उपसणं चालू असतानाच म्हाडाने सांगून टाकलं की पडलेला भाग अनधिकृत, तो आमचा नव्हे. तेव्हा तुम्ही निदान आजच विचारून ठेवा, तुमच्या डोक्यावरचा स्लॅब नेमका कुणाचा आहे. उत्तर मिळणार नाही, पण प्रश्नाला आवक क्रमांक मिळेल.

घर द्यायचं महापालिकेच्या स्वतःच्या हातात आलं की काय होतं, हे पाहायचं असेल तर चेंबूरला उतरून माहुलला जा. तानसा जलवाहिनीच्या कडेच्या झोपड्या हटवल्या आणि लोकांना तिथल्या इमारतींत नेऊन टाकलं. शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने, खिडकी उघडली की वास. माणसं आजारी पडली, रस्त्यावर उतरली, कोर्टात गेली. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने आणखी कुणाला तिथे पाठवू नका म्हणून सांगितलं आणि घर नाकारणाऱ्यांना महिना १५ हजार रुपये भाडं द्यायला लावलं. पुढे त्याच रिकाम्या खोल्या महापालिकेने आपल्याच कर्मचाऱ्यांना १२ लाख ६० हजारांना देऊ केल्या. मुंबईत या भावात घर! रांग लागायला हवी होती. पण कर्मचारी महापालिकेतच नोकरीला असतात, त्यामुळे त्यांना महापालिका माहीत असते.

म्हणून उमेदवार ‘हक्काचं घर’ म्हणाला की टाळ्या वाजवा, ‘कुठे?’ विचारू नका. गिरणी कामगारांनी हा प्रश्न फार वेळा विचारला. १९८२ चा संप, त्यानंतर बंद पडत गेलेल्या गिरण्या, घरांसाठी दीड लाखाहून जास्त अर्ज. परळ-लालबागच्या जमिनींवर टॉवर आणि मॉल उभे राहिले, आणि कामगारांना उत्तर मिळालं शेलू आणि वांगणी. कर्जत लोकलने बदलापूरच्या पुढे. गिरणगाव मुंबईबाहेर गेलं असं काही लोक कुरकुरतात. गिरणगावची हद्द वाढली असंही म्हणता येईल की. दृष्टी सकारात्मक ठेवा. सत्तर-पंचाहत्तरीच्या कामगाराला तिथली हवाही मानवेल, तोवर तो राहिला तर.

बीडीडी चाळींचं उदाहरण मात्र कुणी दिलं तर मान द्या. वरळीच्या जांबोरी मैदानात एप्रिल २०१७ मध्ये पुनर्विकासाचं भूमिपूजन झालं. सरकार बदललं, ऑगस्ट २०२१ मध्ये तिथेच पुन्हा झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. १६० फुटांच्या खोलीत तीन पिढ्या झोपल्या आणि आता ५०० फुटांचं घर, स्वतःचा संडास, आतून कडी. त्या घरातल्या बाईच्या आनंदाची थट्टा करायची माझी छाती नाही. थट्टा आहे ती उरलेल्यांची, कारण वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून बीडीडीच्या इमारती २०७, आणि या ५५६ किल्ल्या यंदा प्रत्येक प्रचारफेरीत खणखणणार. तुमच्या प्लॉटवर एकदाच नारळ फुटला असेल तर दुसऱ्या भूमिपूजनासाठी आत्ताच अर्ज द्या. एका पूजेने जमीन पावत नाही.

आता मताबद्दल. ‘सगळे सारखेच, मत देऊन काय फरक पडतो’ असं नळावर म्हणायला हरकत नाही, सगळेच म्हणतात. पण यादीतलं नाव जीव गेला तरी सोडू नका. मतदार यादी लोकशाहीसाठी असते हा शाळेतला गैरसमज आहे. मुंबईत ती मुळात घरासाठी असते. झोपडीच्या बदल्यात घर हवं, तर १ जानेवारी १९९५ पूर्वी तुम्ही या वस्तीत होता, याला पुरावा काय? यादीतलं नाव. पुढे ती तारीख १ जानेवारी २००० झाली. मग २०११ पर्यंतच्यांना अडीच लाख रुपये भरून घर द्यायचं ठरलं. ही तारीख स्वतःच्या पायांनी चालत नाही, तिला निवडणुका चालवतात. तेव्हा तुम्ही अपात्र असाल तरी धीर सोडू नका, आणखी एखादी विधानसभा थांबा.

माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत ती प्लास्टिकची फाईल असेल ना, ती खाली काढा. सासऱ्यांचा फोटोपास (झोपडीधारकाचं ओळखपत्र), कडेला वाळवीने खाल्लेलं रेशनकार्ड, लाइटचं बिल आणि जुन्या यादीच्या त्या पानाची झेरॉक्स. झेरॉक्सचीही झेरॉक्स, त्यामुळे अक्षरं फुगलेली. त्यात सासऱ्यांचं नाव शोधा. वय बरोबर असेल, वडिलांचं नाव बरोबर असेल, झोपडी क्रमांकात मात्र ७ चा १ झालेला असेल. त्या एका आकड्यावर परिशिष्ट-२ मध्ये, म्हणजे पात्र-अपात्र झोपडीधारकांच्या यादीत, अख्खं कुटुंब ‘अपात्र’ होतं. तीस वर्षं त्याच ओट्यावर बसून दाढी करणारा माणूस कागदावर शेजारच्या झोपडीत राहायला गेलेला असतो. तुम्ही मत कुणाला दिलं हे त्या टेबलावर कुणीही विचारत नाही. नाव होतं का, एवढंच विचारतात. म्हणजे मतदान गुप्त आहे आणि मतदार उघडा, अशी सोय आहे.

चाळ पाडून तुम्हाला ट्रान्झिटमध्ये, म्हणजे संक्रमण शिबिरात, पाठवलं असेल तर अधिक सावध राहा. तुमचा पत्ता आता हवेत आहे. बीएलओ (घरोघरी मतदार यादी तपासणारा कर्मचारी) जुन्या पत्त्यावर जातो तेव्हा तिथे पत्र्याचं कुंपण असतं, कुंपणावर स्विमिंग पूलचं चित्र आणि आत खड्डा. तो ‘स्थलांतरित’ लिहून मोकळा होतो. कुंपणावरच्या वॉचमनला चार पैसे देऊन सांगून ठेवा की बीएलओ आला तर आकाशाकडे बोट करून ‘दुसरा मजला, डावीकडची तिसरी खोली’ म्हण. विकासकाने भाडं बंद केलं असेल, फोन उचलणं बंद केलं असेल, तरी कुंपणाला वॉचमन ठेवलेला असतोच.

दिलेले शब्द पाळलेच जात नाहीत, असला सूर लावू नका. ५०० फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ करू असं शिवसेनेच्या २०१७ च्या वचननाम्यात होतं. जानेवारी २०२२ मध्ये निर्णय झाला, मुदत संपायला दोन महिने असताना. तुमच्या नावावर घरच नाही, तेव्हा तुमचा कर तर आधीपासूनच माफ आहे. तुम्ही काळाच्या पुढे होता.

सोसायटीचे सेक्रेटरी असाल तर ‘आमची दोनशे मतं एकगठ्ठा’ हे वाक्य आलेल्या प्रत्येक उमेदवाराला म्हणा. चार उमेदवार आले तर आठशे मतं झाली. लोकसंख्या वाढते म्हणून मुंबई बदनाम आहेच. बदल्यात घर मागू नका, पेव्हर ब्लॉक मागा. ते निकालाआधी येतात. निकालानंतर उखडतात, पण तेव्हा पुढच्या हंगामासाठी नवी तक्रार तयार होते, आणि वर म्हटल्याप्रमाणे तीच तुमची मालमत्ता.

यंदा एक योग मात्र जुळून आला आहे. संक्रांत १४ जानेवारीला, मतदान १५ ला. जाहीर प्रचार तोवर बंद झालेला असेल, पण तीळगूळ घ्या गोड बोला याला कुठला आयोग प्रचार म्हणेल? हळदीकुंकवाला जा. वाणाला स्टीलचा डबा मिळाला तर झाकण उघडून बघा, आत चिठ्ठी असते. नुसतीच चिठ्ठी असेल तर डबा गेल्या निवडणुकीतला आहे असं समजा.

निकाल लागला की आठवडाभर दम धरा. हार सुकू द्या, फटाक्यांचा कचरा झाडून होऊ द्या. मग अर्ज घेऊन नव्या नगरसेवकाच्या कार्यालयात जा. तो अर्ज वाचेल, चष्मा काढेल आणि म्हणेल, “काकू, हे म्हाडाकडे येतं हो. माझ्या अखत्यारीत नाही.” रागावू नका. “बरोबर आहे साहेब” म्हणा आणि त्याच्या लेटरहेडवर शिफारसपत्र मागा. ते तो लगेच देतो, संगणकात तयारच असतं, फक्त नाव बदलायचं. पत्र घेऊन वांद्र्याला गृहनिर्माण भवनात जा, दोन प्रती न्या, एक तिथे द्या आणि दुसरीवर पोच घ्या. शिक्का मारताना पॅडमध्ये शाई आहे ना, तेवढं बघा. २०१७ च्या पत्रावरचा इतका पुसट आला होता की आवक क्रमांक ३ ने संपतो की ८ ने, यावर त्या खात्यात अजून एकमत नाही.