घरीच तर असता!

निवृत्त झाले तेव्हा ५८ पूर्ण. राज्य सरकारी नोकरी, त्यामुळे तारीख वर्षानुवर्षं माहीत होती. डोंबिवली ते सीएसएमटी, सकाळची फास्ट, ३३ वर्षं. निरोपाला शाल-श्रीफळ आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच, "आता आराम करा." केला. चार महिने केला. मग दुपारचे तीन वाजले की घड्याळाकडे बघवेना.

आता तीन वर्षं झाली, मी घरून ऑनलाइन मराठी शिकवते. सात मुलं, सगळी न्यू जर्सी आणि आसपासची. तिकडे बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा आहेत, पण ज्यांना त्या लांब पडतात ते फिरत फिरत माझ्याकडे येतात. त्यांचे शनिवारी सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा. नोव्हेंबरात ते घड्याळं तासभर मागे घेतात, मग आपले साडेसात. पहिल्या वर्षी हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. तासभर पावडर-टिकली करून एकटीच लॅपटॉपपुढे बसले होते.

साडेसात ही आमच्याकडे कुकरची वेळ. कुकर हे लावतात आणि दार लोटायचं हमखास विसरतात. एक आठ वर्षांची पोर धडा सोडून शिट्ट्या मोजते. "एक शिट्टी, दोन शिट्टी, तीन शिट्टी." म्हटलं, अगं, शिट्ट्या! झालं, त्या दिवशीचा धडा राहिला बाजूला. वाटी-वाट्या, काठी-काठ्या, मिशी-मिश्या. मिश्यांवर पाच मिनिटं हसत होती. हिनेच एकदा विचारलं, 'चार' आणि 'चाक' यांत अक्षर एकच, मग च वेगळा का म्हणायचा? ३३ वर्षं टिपण्या लिहिल्या, पण हे मला कधी कोणी विचारलं नव्हतं, मी स्वतःलाही नाही. दोन दिवस व्याकरण काढून बसले. साहेबांच्या कुठल्याही प्रश्नासाठी इतकी बसले नसते. (आणि हो, ती अजून "मी जातो"च म्हणते. घरात मराठी फक्त बाबा बोलतात ना. मराठीला अभिजात दर्जा मिळाला ३ ऑक्टोबर २०२४ ला, 'जाते' यायला अजून अवकाश आहे.)

लोक विचारतात, "वेळ छान जात असेल ना?" इथेच माझं डोकं फिरतं. वेळ घालवायला टीव्ही आहे, सोसायटीची मीटिंग आहे. ऑफिसात शेवटच्या दोन वर्षांत नवी मुलं "मॅडम, राहू द्या, मी करतो" म्हणत माझ्या हातातला माउस काढून घ्यायची. चांगुलपणानेच, पण घ्यायची. इथे तसं कोणी करत नाही. गुडघे कॅमेऱ्यात येत नाहीत. केस पांढरे दिसतात, ते उलट उपयोगी पडतात. आणि शनिवारी मला ताप आला तर तिकडे एक पोरगी रुसते. याला मी काम म्हणते, आणि कामाचे पैसे घेते. पहिल्यांदा फी सांगताना आवाज इतका खाली गेला होता, की पलीकडची आई म्हणाली, "काकू, आवाज येत नाहीये, नेट गेलं का?"

पण हे सगळं बोलायला मला सोपं आहे, कारण १ तारखेला पेन्शन जमा होते. यांचे एक मित्र खासगी कंपनीतून निवृत्त झाले. ईपीएस-९५, म्हणजे पीएफवाल्यांची पेन्शन योजना, तिची किमान पेन्शन २०१४ साली ठरली ती महिना १००० रुपये, त्या मित्राची तिच्याहून थोडीच जास्त. त्यांना घरून काम हवं होतं ते गोळ्यांच्या खर्चासाठी. मोबाइलवर जाहिरात आली, घरबसल्या डेटा एंट्री. आधी रजिस्ट्रेशनचे पैसे भरले. आठवडाभर डोळे फोडून फॉर्म भरले, तर म्हणे चुका जास्त, करार मोडला, दंड भरा. वर व्हॉट्सअ‍ॅपवर वकिलाची नोटीस. माणूस तीन रात्री झोपला नाही, बायकोलाही सांगितलं नाही. शेवटी यांनी १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावून तक्रार नोंदवली. तेव्हापासून मी दिसेल त्याला सांगत सुटले आहे, की काम देणारा आधी तुमच्याकडेच पैसे मागत असेल, तर ते काम नव्हेच. गरजू माणसालाच ही मंडळी बरोबर हेरतात, याचा मला जास्त राग येतो.

बाकी त्रास किरकोळ. चष्म्याच्या खालच्या काचेतून स्क्रीन बघायला हनुवटी वर करावी लागते, रात्री मान धरते. एकाही वीकेंडला कुठे जाता येत नाही.

खरा त्रास नातेवाइकांचा. परवा एका वहिनींचा फोन, "आमच्या नातवालाही घ्या की वर्गात. तुम्ही काय, घरीच तर असता!" म्हटलं, घेते की. आणि महिन्याची फी सांगितली, या वेळी नीट खणखणीत आवाजात. पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग म्हणाल्या, "बरं, ह्यांना विचारून सांगते."

अजून विचारताहेत.