"पोरांच्या कोडिंग स्पर्धा म्हणजे नुसता देखावा" म्हणणाऱ्या फॉरवर्डला माझं उत्तर

परवा आमच्या मामांनी घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज टाकला, दुपारी तोच शाळेच्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर आला आणि रात्री कॉलनीच्या ग्रुपवर. सोलापुरात आठवड्याला नळाला जेवढ्या वेळा पाणी येतं त्यापेक्षा जास्त वेळा तो मेसेज एका दिवसात आला, म्हणून म्हटलं आता बसून नीट उत्तर लिहूच.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. शाळकरी पोरांच्या त्या "समाजासाठी टेक्नॉलॉजी"वाल्या कोडिंग स्पर्धा आहेत ना, ज्यात पोरं गावातला, गल्लीतला एखादा प्रश्न घेऊन ॲप बनवतात, त्या म्हणे सगळी धूळफेक. का, तर एक, हा श्रीमंतांच्या इंग्लिश मीडियमच्या पोरांचा खेळ. दोन, ॲप आईबाप नाहीतर क्लासवालेच बनवून देतात. तीन, स्पर्धा संपली की ॲप मरतं. चार, गरिबाला ॲप नको, नळाला पाणी पाहिजे. पाच, आता कोड एआय लिहितंय, पोरांचं दहावीचं वर्ष कशाला घालवता. आणि खाली नेहमीचं, प्रत्येक जागरूक पालकापर्यंत पोचवा.

आधीच सांगतो, मी काही तिऱ्हाईत नाही. सोलापूरच्या पूर्व भागात माझा छोटा कम्प्युटर क्लास आहे आणि दोन वर्षांपूर्वी तीन पोरींना घेऊन मी अशा एका स्पर्धेत मेंटर म्हणून उतरलो होतो, फी न घेता. जिंकलो नाही. त्यामुळं जाहिरात करतोय असं वाटून घेऊ नका.

श्रीमंतांचा खेळ, हा पहिला मुद्दा. टेक्नोव्हेशन नावाची मुलींची जागतिक स्पर्धा आहे, २०१० पासून चालू आहे, ८ ते १८ वर्षांच्या मुली, पाचपर्यंतची टीम, प्रवेश फुकट. त्यात धारावीतल्या पोरी उतरल्या होत्या, दहा वर्षं झाली त्याला. महागडे लॅपटॉप नव्हते त्यांच्याकडं, एमआयटी ॲप इन्व्हेंटर वापरलं, ते फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं आणि कोड टाइप करायचा नाही, रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे. सरकारी बाजू बघायची तर अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे पोरांनी स्वतः काहीतरी बनवून बघायच्या प्रयोगशाळा, देशात १०,००० च्या वर शाळांमध्ये आहेत, सहावी ते बारावीसाठी, शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान. आता त्यातल्या किती लॅबला कुलूप आहे हा वेगळा विषय, त्यावर मेसेज आला असता तर मीच पुढं पाठवला असता. आणि आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण विसरायचं का बे? माढा तालुक्यातल्या परितेवाडीची झेडपी शाळा, रणजितसिंह डिसले गुरुजी, पुस्तकात क्यूआर कोड चिकटवून पोरांना कविता ऐकवायचे, २०२० साली दहा लाख डॉलरचं ग्लोबल टीचर प्राइझ तिथं आलं. ती काय इंटरनॅशनल स्कूल होती?

इंग्रजीची अडचण मात्र खरी आहे, ती मी मान्य करतो. आमच्या पोरींनी व्हिडिओ मराठीत केला आणि खाली इंग्रजी ओळी टाकल्या, त्या ओळी लिहायलाच दोन रविवार गेले.

दुसरा मुद्दा, आईबाप बनवून देतात. देतात की! मी स्वतः बघितलंय, एका स्पर्धेत एक पोरगा स्टेजवर असं झकास बोलला की बास, आणि परीक्षकानं नुसतं विचारलं, हे बटण दाबल्यावर आकडा कुठं जातो, तर गडी बापाकडं बघायला लागला. पण म्हणजे पकडला गेलाच ना तिथं. निबंध स्पर्धेत बाई निबंध लिहून देतात, चित्रकलेत ताई रंग भरते, विज्ञान प्रदर्शनातला ज्वालामुखी तर पिढ्यानपिढ्या काकाच करत आलेत, म्हणून ते बंद करा असं कुणी म्हणतं का? उलट कोडमध्ये चोरी लपवणं जरा अवघडच, ठोकळे उघडून दाखव म्हटलं की कळतंय.

या मुद्द्यात आणखी एक भेसळ आहे. मेसेजमध्ये मध्येच "तेरा वर्षांच्या पोराला करोडोंचं पॅकेज" अशी खिल्ली उडवलीय. ते स्पर्धांचं नाही, ती २०२० सालची व्हाइटहॅट ज्युनियर या पोरांचे ऑनलाइन कोडिंग क्लास विकणाऱ्या कंपनीची जाहिरात होती, त्यातला तो वुल्फ गुप्ता नावाचा पोरगा अस्तित्वातच नव्हता, आणि जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या एएससीआयनं सांगितल्यावर कंपनीनं पाच जाहिराती मागं घेतल्या. पालकांना घाबरवून फी गोळा करणारे क्लास आणि फुकट स्पर्धा एकाच पोत्यात भरायचे आणि मग पोतं बडवायचं, याला काय अर्थ आहे.

आता तिसरा, ॲप मरतं. यावर मला जरा जास्त बोलायचंय.

आमच्या टीमची पहिली आयडिया पाण्याची होती, अर्थातच. नळाला पाणी कधी येणार ते ॲपवर कळवायचं. मी म्हटलं आधी व्हॉल्व्ह सोडणाऱ्या माणसाला जाऊन विचारा. गेल्या. तो म्हणाला, पोरींनो, टाकी भरली तर सोडणार, मध्येच लाइट गेली तर नाही सोडणार, मलाच माहीत नसतंय तर तुमच्या मोबाइलला कुठून कळणार? आयडिया तिथंच बारगळली, पोरी दोन दिवस तोंड पाडून बसल्या.

मग त्यातल्या एकीच्या आईवरून दुसरी आयडिया निघाली. आई विड्या वळते. पूर्व भागात हे कुणाला समजावून सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो: कारखान्याच्या ब्रँचमधून तेंदूपत्ता आणि तंबाखू आणायचा, घरी बसून विड्या वळायच्या, दुसऱ्या दिवशी नेऊन द्यायच्या, मजुरी हजार विड्यांवर. तिथं तपासणारा बसतो, तो खराब म्हणून काही बाजूला काढतो, त्याला छाट म्हणतात. आईची कायमची तक्रार, छाट जास्त काढतात आणि महिनाअखेर हिशोब लागत नाही. पोरींनी ठरवलं, रोज किती दिल्या आणि किती छाट निघाली एवढंच लिहून ठेवणारं ॲप.

पहिलं ॲप एकदम भारी दिसत होतं, जांभळा रंग, तारखेचा रकाना, कीबोर्ड, सगळं. आईला दाखवलं. आई तेलुगू बोलते, मांडीवर सूप, दोन्ही हातांची बोटं तंबाखूनं पिवळी, नजर पानावर. तिनं मान वर न करता काय म्हटलं ते लेकीनं आम्हाला मराठीत सांगितलं: मी विड्या वळू का हे दाबत बसू?

संपलं. दोन महिन्यांचं काम एका वाक्यात गेलं. मग पोरींनी पहिल्यांदा नीट प्रश्न विचारला की अम्मा, तुझा हात दिवसात मोकळा कधी असतो? तर ब्रँचवरून आल्यावर, हात धुऊन चहा घेते तेव्हा. म्हणजे दिवसातून एकदाच, पाच मिनिटं. मग सगळं काढून टाकलं, तीन मोठी बटणं ठेवली, आणि लिहिलेलं वाचायला नको म्हणून लेकीनं स्वतःच्या आवाजात तेलुगूत रेकॉर्ड केलं, बटण दाबलं की लेकच विचारते आज किती दिल्या, छाट किती.

तरी घोटाळा झालाच. आठ दिवस आईनं आकडे भरले, नवव्या दिवशी ॲप उघडलं तर सगळं कोरं. पोरींनी आकडे व्हेरिएबलमध्ये ठेवले होते, ॲप बंद झालं की ते जातात, फोनमध्ये टिकवायचे तर टायनीडीबी नावाचा वेगळा ठोकळा लागतो. हे मी आधी सांगू शकलो असतो, पण विसरलो, खोटं कशाला बोलू. आईचे आठ दिवसांचे आकडे गेल्यावर त्या पोरींची जी अवस्था झाली ती बघून मला वाटलं, डेटा जपायचा म्हणजे काय हे यांना आता कुठल्याच पुस्तकातून शिकवावं लागणार नाही.

ते ॲप आज चालू आहे का? नाही. सहा महिन्यांनी आईचा फोन पडला, नवीन फोनवर कुणी टाकलं नाही, पोरी दहावीत गेल्या. मेसेजवाल्याच्या हिशोबानं मेलं. पण आईनं वही चालू केली. लेकीच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर रोज दोन आकडे, आणि आकडा लिहायचा म्हणून ती ब्रँचमध्ये छाट समोर मोजून मागते. १९६६ चा विडी आणि सिगार कामगार कायदा तेव्हा होता (२०२५ पर्यंत चालला), त्यात छाटीवरून वाद झाला तर तो सोडवायची सोय लिहिलेली होती, हे मलाही या पोरींनी शोधून दाखवलं तेव्हाच कळलं. आणि वादात उभं राहायचं तर आधी आपल्याकडं आकडा पाहिजे ना.

सगळीच मरतात असंही नाही. अमेरिकेतल्या त्रिशा प्रभूनं १३ व्या वर्षी ऑनलाइन छळावर काम चालू केलं, कुणी वाईट मेसेज टाइप केला तर पाठवायच्या आधी "नक्की पाठवायचंय का?" विचारणारं सॉफ्टवेअर, रीथिंक नाव त्याचं. २०१४ च्या गुगल सायन्स फेअरमध्ये ती अंतिम फेरीत होती, आणि पुढं कितीतरी वर्षं तिनं ते काम चालवलं. पण अशी हजारात एखादी, हे मीही मानतो. (आमच्या घरच्या ग्रुपवर रीथिंक बसवता आलं तर बघतोय.)

गरिबाला ॲप नको, पाणी पाहिजे. हे वाक्य ऐकायला इतकं बरोबर वाटतं की उत्तर द्यायलाच लाज वाटावी. उजनी भरलेलं असलं तरी सोलापूरच्या नळाला रोज पाणी नाही, आणि ते आठवीतल्या पोरीच्या ॲपनं येणार नाही, कबूल. पण येणार असं म्हटलं कुणी? धारावीच्या पोरींनी "पाणी" नावाचंच ॲप केलं होतं, सार्वजनिक नळावर आपला नंबर आला की फोनवर कळायचं, एवढंच. त्यानं पाणी वाढलं नाही, रांगेत उभं राहायचे तास वाचावेत एवढाच हेतू, आणि रांगेत कोण उभं असायचं तर याच पोरी, शाळा बुडवून. ज्याच्या घरी टँकरला फोन करायची ऐपत आहे त्याला हा प्रश्न छोटा वाटणारच. आणि पाणी द्यायचं काम महापालिकेचं, ते होत नाही याचा राग पोरांच्या स्पर्धेवर का काढायचा, मामा?

पाचवा, एआय कोड लिहितंय. लिहू दे की. छाट म्हणजे काय हे त्याला कुणीतरी सांगावं लागणार, आणि आईचा हात कधी मोकळा असतो ते विचारायला तिच्या दारात जाऊन कुणीतरी बसावं लागणार. ठोकळे जोडायचं काम आमच्या तीन महिन्यांतलं फार तर तीन आठवड्यांचं होतं.

राहिली दहावी. दहावीत कुणी उतरवूच नका ना पोरांना, आठवी-नववी काय वाईट आहे? आमच्या तिघी नववीत होत्या. एवढा तरी मेसेजवाल्याचा मुद्दा मी घेतो.

काल मी तो मेसेज त्या तिघींच्या ग्रुपवर टाकला, म्हटलं वाचा आणि तुम्हीच सांगा, पाच मुद्दे आहेत. दोघींनी नुसते हसायचे इमोजी पाठवले. तिसरीनं, जिची आई विड्या वळते तिनं, रात्री अकराला लिहिलं: "सर, दिल्या पाच, छाट साडेचार."