अरे, आधी त्या ट्यूबवर टकटक तर करा!

ट्यूब अ‍ॅम्प (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर) किंचाळतोय म्हणून नाशिकमध्ये कुणालाही दाखवा, पहिला प्रश्न ठरलेला. "घरी अर्थिंग आहे का?" आहे हो, आहे! अर्थिंगचा घोळ असला की ५० हर्ट्झची जाड गुणगुण येते. वीजपुरवठा गुळगुळीत करणारे फिल्टर कपॅसिटर म्हातारे झाले की १०० हर्ट्झची. माझा अ‍ॅम्प गुणगुणत नव्हता, कानात सुई घुसावी अशी शिट्टी मारत होता. हा फरक ज्याला ऐकू येत नाही त्याने अ‍ॅम्प दुरुस्तीचा बोर्ड लावूच नये.

दुसरा सल्ला, "गिटारच्या पिकअप मेणात बुडवून आणा." पिकअप म्हणजे तारांची थरथर पकडणारी कॉइल; ती सैल झाली की शिट्टी मारते हे खरं आहे, मेणाने ती थांबतेही. पण मी गिटारची केबलच काढून ठेवली होती! केबल नाही, गिटार नाही, तरी आवाज चालू. मग पिकअपचा संबंध काय? हे तीनदा सांगूनही दुरुस्तीवाल्या साहेबांचं तेच, "नाही, पिकअपच असणार."

पुढे तर कहर. मला न विचारता आउटपुट ट्रान्सफॉर्मर (ट्यूबचा सिग्नल स्पीकरला पोचवणारा) सातपूरला, जिथे पंपाच्या मोटारी भरतात, तिथे रिवाइंड करून आणला. नळ गळतो म्हणून गच्चीवरची टाकी बदलावी, तसला प्रकार. बरं, परत जोडताना पॉवर ट्यूबकडे जाणाऱ्या दोन वायरी उलट्या. झालं! आउटपुटचा थोडा सिग्नल उलटा मागे पाठवून आवाज काबूत ठेवणाऱ्या निगेटिव्ह फीडबॅकचा पॉझिटिव्ह झाला आणि व्हॉल्यूम शून्यावर असतानाही अ‍ॅम्प बोंबलायला लागला. यावर उत्तर काय, तर "जुना माल आहे, असंच होणार." दोन वायरींची अदलाबदल करा म्हटलं तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांची इस्टेट मागतोय. शेवटी केली, आणि ती बोंब जागच्या जागी बंद.

मूळची शिट्टी मात्र होतीच. मग त्यांच्याच टेबलावर, अ‍ॅम्प चालू ठेवून, पेन्सिलीच्या मागच्या टोकाने पहिल्या प्रीअ‍ॅम्प ट्यूबवर हलकेच टकटक केलं. स्पीकरमधून खणखणीत टण्ण! शेजारच्या ट्यूबवर तेच केलं तर जेमतेम टिक. अहो, काचेच्या आतली ग्रिड, म्हणजे तारेची जाळी, सैल झाली की ट्यूबच मायक्रोफोन होते. कॉम्बोत स्पीकर त्याच खोक्यात, तो ट्यूबला हलवतो, ट्यूब ते हलणं पुन्हा स्पीकरला पाठवते, आणि शिट्टी सुरू. पहिल्या जागेवरच्या ट्यूबचा आवाज पुढचा प्रत्येक टप्पा वाढवत नेतो, म्हणून संशय आधी तिच्यावर घ्यायचा. दोन्ही ट्यूब एकाच जातीच्या, १२एएक्स७च. अ‍ॅम्प बंद करून, काच निवल्यावर त्यांच्या जागा बदलल्या. शिट्टी गेली. खर्च शून्य.

चेसिसच्या आत चार-चारशे व्होल्ट असतात, बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये उरतात, म्हणून तर आम्ही तुमच्याकडे येतो ना? आत हात घालायची भीती आम्हाला असते. बाहेरून दिसणाऱ्या काचेवर पेन्सिल टेकवायला तुम्हाला कसली भीती?

आता नवी ट्यूब हवी. एमजी रोडवर ईसीसी ८३ मागितली (१२एएक्स७चंच युरोपातलं नाव), तर काउंटरवरच्या पोराने ट्यूबलाइटचा स्टार्टर पुढे केला. त्याला काय बोलणार! एकेकाळी बंगळुरूचं बीईएल (भारत इलेक्ट्रॉनिक्स) रेडिओच्या ट्यूब देशातच बनवायचं. आता स्लोव्हाकिया, रशिया नाहीतर चीन, आणि कुरियरची वाट बघा. तोवर खालच्या मजल्यावरचे काका रोज विचारणार, "ती शिट्टी पुन्हा नाही ना वाजणार?" गणपतीच्या आधी ढोलपथकाचा सराव सुरू झाला की हेच काका खिडक्या उघडून ताल धरतात, ते सोडा.

बिलावर लिहिलंय "जनरल सर्व्हिसिंग". सर्व्हिसिंग? चेसिसवरची धूळसुद्धा होती तिथेच आहे!