मुंबई दूरदर्शन ही दिल्लीची शाखा होती काय?

मुंबई दूरदर्शन हे मूळचे दिल्लीचे कार्यक्रम दाखवणारे केंद्र होते, मराठीला तिथे शेतीच्या कार्यक्रमापुरता अर्धा तास मिळत असे, आणि मराठीची स्वतंत्र वाहिनी पहिल्यांदा निघाली ती १९९९ साली खाजगी कंपन्या आल्यावर, अशा आशयाचा मजकूर या ना त्या रूपात सतत फिरत असतो. त्यातली तिन्ही विधाने चुकीची आहेत. तरीही त्यांत सत्याचा एक अंश मिसळलेला असल्यामुळे वाचणाऱ्याला ती सहज पटतात, म्हणून त्यांचा वेगवेगळा विचार करणे भाग आहे.

दिल्लीत दूरचित्रवाणीची प्रायोगिक सेवा १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाली आणि मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी, देशातले दुसरे केंद्र म्हणून, वरळीहून बोलू लागले. पण देशभर एकच कार्यक्रम एकाच वेळी दाखवण्याची दररोजची व्यवस्था १५ ऑगस्ट १९८२ पर्यंत अस्तित्वातच नव्हती. तोपर्यंत केंद्राकेंद्रांत कार्यक्रमांची देवाणघेवाण होई, परंतु संध्याकाळच्या प्रक्षेपणाचा बहुतांश वेळ ज्याला त्याला स्वतःच भरावा लागे. म्हणजे मुंबई केंद्राची पहिली दहा वर्षे ही त्या केंद्राने स्वतः कार्यक्रम घडवण्याची वर्षे होती. सहक्षेपण, म्हणजे दुसऱ्या केंद्राचे कार्यक्रम जसेच्या तसे दाखवणे, म्हणायचेच असेल तर ते पुण्याचे होते. १९७३ पासून सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून पुणेकरांना जे दिसू लागले ते मुंबईचे कार्यक्रम होते, आणि पुण्यातल्या गच्च्यांवरच्या अँटेना सिंहगडाच्या दिशेने वळवलेल्या असत त्या याच कारणाने.

केंद्र दिल्लीच्या ताब्यात होते, हे मात्र खरे आहे. १ एप्रिल १९७६ रोजी दूरदर्शन वेगळे होईपर्यंत ते आकाशवाणीचा भाग होते आणि त्यानंतरही माहिती व नभोवाणी मंत्रालयाच्याच अखत्यारीत राहिले. पैसा, पदे, मंजुऱ्या आणि बातम्यांबाबतचे धोरण वरूनच येत असे. परंतु कारभार कोणाचा आणि कार्यक्रम कोणाचे हे दोन निराळे प्रश्न आहेत, आणि फिरणाऱ्या मजकुरात नेमकी इथेच गल्लत झालेली आहे.

अर्ध्या तासाच्या दाव्याला तर त्या काळच्या कार्यक्रमांची नावेच पुरेसे उत्तर देतात. ‘आमची माती, आमची माणसं’ हा शेतीविषयक कार्यक्रम होताच, पण त्याच्या जोडीला मनोरंजनाचा ‘गजरा’ होता, मुलांसाठी ‘किलबिल’ होती, साहित्य आणि कलांसाठी ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ होता, नाटके होती, शनिवारचा मराठी चित्रपट होता. ‘ज्ञानदीप’ या कार्यक्रमाने तर पडद्याबाहेर पाऊल टाकले. प्रेक्षकांनी आपापल्या भागांत ज्ञानदीप मंडळे काढली, एकत्र बसून कार्यक्रम पाहिला आणि त्यातून आपल्या परिसरात कामे उभी केली. मला या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते, कारण प्रेक्षकाला श्रोत्याच्या जागेवरून उठवून कामाला लावणे फार थोड्या कार्यक्रमांना जमले आहे. संध्याकाळच्या मराठी बातम्या देणाऱ्यांत प्रदीप भिडे होते, भक्ती बर्वे होत्या, चित्रपटांत येण्यापूर्वीच्या स्मिता पाटील होत्या. आणि एक साधी गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही: हे केंद्र गुजराती कार्यक्रमही करत असे. मुंबईतल्या गुजराती घरांसाठी ‘आवो मारी साथे’ हा कार्यक्रम दिल्लीत बसून कोणी कशाला केला असता? आपल्या शहरात कोण राहते हे ओळखून चालणाऱ्या केंद्राचेच ते काम होते.

आता त्या सत्याच्या अंशाकडे येतो. १९८२ नंतर चित्र खरोखरच बदलले. राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, त्याच सुमारास रंगीत प्रक्षेपण आले, नोव्हेंबरात दिल्लीतल्या आशियाई खेळांचे प्रक्षेपण झाले, आणि रात्रीची मोक्याची वेळ दिल्लीकडे गेली. इन्सॅट-१ए हा उपग्रह त्याच वर्षी निकामी झाला, परंतु १९८३ मध्ये इन्सॅट-१बी वर गेला आणि पुढच्या काही वर्षांत गावोगावी कमी शक्तीची प्रक्षेपण केंद्रे झपाट्याने उभी राहिली. ही केंद्रे उपग्रहावरून येणारा दिल्लीचा संकेत घेऊन तोच पुढे पाठवत. त्यामुळे महाराष्ट्रातल्या अनेक जिल्ह्यांच्या गावी टीव्ही पोहोचला तो हिंदी आणि इंग्रजी घेऊन, आणि मुंबईचे मराठी कार्यक्रम तिथे नंतर आले. अशा गावात लहानपण गेलेल्या माणसाला दूरदर्शन म्हणजे दिल्ली वाटले तर त्यात त्याची चूक नाही. त्याची आठवण खरी आहे. ती मुंबई-पुण्याच्या १९७२ ते १९८२ या काळावर लादणे मात्र चुकीचे आहे. शिवाय राष्ट्रीय कार्यक्रम आल्यावरही संध्याकाळचा सुरुवातीचा भाग मुंबईकडेच राहिला होता.

१९९९ चा दावा तारखांपुढे टिकत नाही. अल्फा मराठी (आजची झी मराठी) ही खाजगी वाहिनी १९९९ मध्ये आली आणि ई टीव्ही मराठी २००० मध्ये. दूरदर्शनने मराठीसाठी डीडी-१० ही उपग्रह वाहिनी त्याआधीच, १९९४ साली सुरू केलेली होती. वरळीच्या केंद्राचे कार्यक्रम आता जमिनीवरच्या मनोऱ्यांबरोबरच उपग्रहावरूनही दिसू लागले, म्हणजे राज्याबाहेरच्या मराठी माणसालाही ते पाहता येऊ लागले. घोटाळा बहुधा नावामुळे झाला असावा. या वाहिनीला ‘सह्याद्री’ हे नाव २००० साली मिळाले, म्हणून ती खाजगी वाहिन्यांच्या मागून, त्यांना तोंड देण्यासाठी निघाली असा समज रुजला. नाव नवे होते, वाहिनी तोवर सहा वर्षांची झाली होती. १९८५ मध्ये मुंबईत निघालेला दूरदर्शनचा दुसरा चॅनलही कित्येकदा याच घोळात ओढला जातो. तो निराळा होता, आणि १९९३ मध्ये दिल्ली, कलकत्ता व मद्रासच्या दुसऱ्या चॅनलांशी जोडून त्याची ‘मेट्रो’ ही दूरदर्शनची वाहिनी झाली. मराठी वाहिनीचा धागा त्याच्याकडून येत नाही. तो थेट १९७२ च्या वरळीपर्यंत जातो.